नोटेवरची बाई आणि तीन वर्षांची आमदारकी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजूत चुकली असेल तर इथेच कळेल. तुमची मुलगी पर्थला शिकायला आली. तिच्या विद्यापीठाला ज्या बाईंचं नाव आहे, त्याच बाई पन्नास डॉलरच्या नोटेवर दिसल्या, म्हणून तुम्ही शोधाशोध केली. हाती लागलं ते एवढंच: एडिथ कोवन, ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याही विधिमंडळात निवडून आलेली पहिली स्त्री, साल १९२१. विजय ४६ मतांनी. १९२४ ला पराभव, १९२७ ला पुन्हा पराभव. मंत्रिपद कधीच नाही. आता गावच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी तुम्हाला त्यांच्यावर लेख लिहायचाय, पण तीन वर्षांच्या आमदारकीवर पानं भरायची कशी, आणि एवढ्याशा कारकिर्दीला नोट कशी काय मिळते, हे कोडं काही सुटत नाहीये.

मी पर्थमध्ये एका ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात एकोणीस वर्षं काम करतेय. ‘आमचे खापरपणजोबा आमदार होते, त्यांच्यावर लिहायचंय’ असं म्हणत टेबलाशी येणारी माणसं दर महिन्याला एक-दोन तरी असतात. ती नेमकी तुमच्यासारखीच अडकतात. निवडून आल्याची तारीख, पडल्याची तारीख, मधे चार भाषणं, संपलं. त्यांना पहिल्या दिवशी सांगते तेच तुम्हालाही सांगते. आमदाराची गोष्ट निवडणुकीपासून लिहायला घेऊ नका. तो किंवा ती सभागृहात गेली तेव्हा हातात काय घेऊन गेली, ते आधी शोधा. कोवनबाईंच्या बाबतीत तर तीन वर्षांची आमदारकी हे शेवटचं प्रकरण आहे. आधीची सत्तावीस वर्षं तुमच्या शोधात आलीच नाहीत, कारण त्या काळात त्यांच्याकडे कुठलं राजकीय पदच नव्हतं, आणि आपण शोधतो ती पदंच.

एक बारीक दुरुस्ती. स्पेलिंगवरून आपण ‘कोवन’ वाचतो, मीही पहिली दोन वर्षं तेच म्हणत होते. इथे उच्चार ‘काउअन’ असा करतात. लेखात तसंच लिहा, नाहीतर मुलगी हसेल.

लेख कोणासाठी आहे यावर बरंच अवलंबून आहे, हे कबूल करते. शाळेच्या मुलांसाठी लिहीत असाल तर ‘पहिली स्त्री’ एवढ्यावर भागेल. दिवाळी अंकाच्या वाचकाला मात्र ‘पहिली’ या शब्दाचा आता कंटाळा आलाय. पहिली डॉक्टर, पहिली पायलट, पहिली अमुक. त्याला हवं असतं ते ‘मग पुढे काय केलं?’ मी त्या वाचकाला धरून लिहिते.

सुरुवात घरापासून. एडिथ ब्राऊन, जन्म २ ऑगस्ट १८६१, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जेराल्डटन गावाजवळ ग्लेनगॅरी नावाच्या मेंढपाळीच्या जमिनीवर. वडील केनेथ ब्राऊन मोठे जमीनदार. आई शिक्षिका, वसाहतीच्या पाद्र्याच्या घरातली. एडिथ सात वर्षांची असताना आई बाळंतपणात गेली आणि मुलीची रवानगी पर्थमधल्या वसतिगृहाच्या शाळेत झाली. ती शाळा काउअन बहिणी चालवायच्या. वडिलांनी दुसरं लग्न केलं. दारू वाढली. १८७६ मध्ये त्यांनी दुसऱ्या बायकोला गोळी घालून ठार केलं. तीन वेळा खटला उभा राहिला आणि १० जून १८७६ ला त्यांना फाशी झाली. मुलगी तेव्हा पंधराचीही नव्हती.

इथे माझ्याकडे येणारे बहुतेक लेखक घसरतात. दोन टोकं असतात. एक तर ही गोष्ट गाळून टाकायची, ‘थोर बाईंच्या चरित्रात असलं नको’ म्हणून. नाहीतर तिथून एक सरळ रेघ ओढायची: बापाने सावत्र आई मारली म्हणून मुलीने बालन्यायालय काढलं. पहिल्यात लपवाछपवी आहे, दुसऱ्यात नाटकीपणा. घटना सांगा, तारखा सांगा, आणि पुढे चला. वाचक काय जोडायचं ते जोडेल. एक गोष्ट मात्र नोंदवण्यासारखी आहे. ज्या लहानशा वसाहतीत सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे फाशी गेलेल्या माणसाची मुलगी म्हणून मोठं होऊन, तिने १८७९ मध्ये लग्न केलं ते वसाहतीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या रजिस्ट्रारशी. तिच्याच शाळेतल्या बाईंचा भाऊ, जेम्स काउअन. ते पुढे १८९० मध्ये पर्थचे पोलीस मॅजिस्ट्रेट झाले. म्हणजे शहरात कोणाची भांडणं, कोणाची मारझोड, कोणाची पोरं उघड्यावर पडली, हे सगळं ज्यांच्यासमोर यायचं, त्यांच्या त्या पत्नी. चार मुली, एक मुलगा. समाजकार्याचं शिक्षण घ्यायला यापेक्षा जवळची जागा कुठली?

आता ती सत्तावीस वर्षं. १८९४ मध्ये पर्थमध्ये कराकाटा क्लब निघाला, ऑस्ट्रेलियातला बायकांचा पहिला क्लब. हिंदुस्थानात डॉक्टरकी करून आलेल्या एमिली रायडर या अमेरिकन बाई पर्थमध्ये थांबल्या होत्या, त्यांनी हे सुचवलं. काउअनबाई पहिल्या सचिव, नंतर उपाध्यक्ष, मग अध्यक्ष. क्लब म्हटल्यावर आपल्याला पत्ते आणि चहा आठवतो. इथे बायका वाचायच्या, निबंध लिहायच्या, उभं राहून बोलायचा सराव करायच्या. सभेत प्रस्ताव कसा मांडायचा, दुरुस्ती कशी सुचवायची, इतिवृत्त कसं लिहायचं, हे सगळं त्या तिथे शिकल्या. पाच वर्षांनी, १८९९ मध्ये, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या स्त्रियांना मताचा हक्क मिळाला. दक्षिण ऑस्ट्रेलियानंतर दुसरा नंबर.

पुढचं मी भराभर सांगते, कारण या यादीने लेख कोरडा होतो. १९०६ ला बाल संरक्षण संस्था. तिच्या खटपटीतून १९०७ ला बालन्यायालय. १९०९ ला विमेन्स सर्व्हिस गिल्ड ही बायकांची संघटना, आणि त्या गिल्डच्या मागणीतून १९१६ ला पर्थच्या सुबियाको उपनगरात उघडलेलं किंग एडवर्ड मेमोरियल हे प्रसूतिगृह. ते आजही चालू आहे. आमच्या मंडळातल्या निम्म्या मराठी पोरांचा जन्म तिथलाच. १९१३ पासून आठ वर्षं राज्याच्या नॅशनल कौन्सिल ऑफ विमेनचं अध्यक्षपद. १९१५ ला त्या स्वतः बालन्यायालयाच्या न्यायासनावर बसल्या, १९२० ला जे. पी. म्हणजे मानद दंडाधिकारी झाल्या (जुन्या मुंबईकरांना ही पदवी सांगायला नको), आणि त्याच वर्षी ओ.बी.ई. हा ब्रिटिश किताब मिळाला.

या यादीत तुम्हाला एक पद्धत दिसेल, ती लेखात आणा. आधी खासगी संस्था काढायची. ती चालवून दाखवायची. मग सरकारच्या मागे लागून तिचं काम कायद्यात किंवा सरकारी इमारतीत रूपांतरित करून घ्यायचं. हे सगळं सभागृहाबाहेरून. प्रत्येक वेळी शेवटचा दरवाजा मात्र कुणातरी पुरुष आमदाराने उघडावा लागायचा. निवडणुकीला उभं राहण्यामागची गरज मला तरी या अनुभवात दिसते.

विधानसभाच का, संसद का नाही, असंही कुणी विचारेल. ऑस्ट्रेलियात १९०१ ला वसाहतींची राज्यं झाली, तेव्हा संरक्षण, जकात, परदेशी माणसांना देशात घेणं न घेणं वगैरे केंद्राकडे गेलं. शाळा, इस्पितळं, रेल्वे, पोलीस, जमीन, वारसा कायदा हे राज्याकडेच राहिलं. हो, रेल्वेसुद्धा. बाईंचं आयुष्यभराचं सगळं काम ज्या विषयांत होतं, ते विषय राज्याचे. शिवाय उभं राहण्याचा हक्क संसदेसाठी बायकांना १९०२ पासून होता, पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या विधिमंडळासाठी तो मिळाला १९२० मध्ये.

इथे माझी एक जुनी चूक सांगते. ग्रंथालयातल्या एका छोट्या प्रदर्शनासाठी मी पाटी लिहिली होती, त्यात काउअनबाईंना ‘ऑस्ट्रेलियातली पहिली महिला उमेदवार’ म्हटलं. रोज वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या एका आजोबांनी पाटीसमोर मला उभं केलं आणि विचारलं, ‘मग १८९७ ला कॅथरीन हेलन स्पेन्स कुठल्या निवडणुकीला उभ्या होत्या? आणि १९०३ ला व्हिडा गोल्डस्टीन?’ पाटी उतरवली. उमेदवार आधीही होत्या, निवडून कोणी आली नव्हती. संसदेत तर १९०२ ला मिळालेल्या हक्काचं पहिलं फळ १९४३ ला दिसलं: एनिड लायन्स खालच्या सभागृहात, डॉरोथी टँगनी सिनेटमध्ये. एकेचाळीस वर्षं! हा आकडा मनात ठेवलात की ४६ मतं ‘फक्त’ वाटणार नाहीत.

आता ती निवडणूक. १२ मार्च १९२१, मतदारसंघ वेस्ट पर्थ. काउअनबाई नॅशनलिस्ट पक्षाच्या अधिकृत उमेदवार, वय एकोणसाठ. समोर याच पक्षाचे विद्यमान आमदार टी. पी. ड्रेपर. एका पक्षाचे दोन उमेदवार कसे, याचं उत्तर मतदानाच्या पद्धतीत आहे. तिथे पसंतीक्रम द्यायचा असे, आपल्याकडे पदवीधर मतदारसंघात १, २, ३ असे आकडे लिहितो तसा. त्यामुळे मतं फुटायची भीती कमी. ड्रेपर साधे आमदार नव्हते, ॲटर्नी जनरल होते, आणि इथे हे मंत्रिपद असतं. बायकांना निवडणुकीला उभं राहू देणारं विधेयक सभागृहात त्यांनीच आणलं होतं. त्याच कायद्याने उभ्या राहिलेल्या बाईंनी त्यांना पाडलं. तुमच्या लेखात हसण्याची जागा हवी असेल तर ही आयती आहे. ड्रेपर यांचं काही बिघडलं नाही म्हणा. त्याच वर्षी ते राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

प्रचारात बाईंवर आरोप कुठला झाला असेल? मुलांची आबाळ. घरदार सोडून मतं मागत फिरते, ही कसली आई. त्यांचं सर्वांत धाकटं मूल तेव्हा तिशीला टेकलं होतं.

२८ जुलै १९२१ ला त्यांनी पहिलं भाषण केलं. विधिमंडळाच्या कामकाजाचा छापील वृत्तांत, म्हणजे हॅन्सार्ड, इथे जपून ठेवलेला आहे. मी जुने बांधीव खंड हाताळलेत. पानाला दोन रकाने, बारीक टाईप, आणि शेकडो पानं ‘मिस्टर, मिस्टर, मिस्टर’ करत गेल्यावर एका पानावर एकदम ‘मिसेस काउअन’. डोळा तिथे अडखळतोच. ऑस्ट्रेलियाच्या विधिमंडळात उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून आपलं स्थान आगळं आहे, असं सांगून त्या बोलायला लागल्या. स्त्री-पुरुषांनी राज्यासाठी खांद्याला खांदा लावून काम करावं, वगैरे भाग सगळीकडे उद्धृत होतो. मला आवडतो तो बाबागाडीचा भाग. सरकारी रेल्वेतून बाबागाडी न्यायची तर वेगळे पैसे पडायचे. बाईंनी तो विषय भर सभागृहात काढला. पुरुष हसतील हे त्यांना माहीत होतं. रेल्वेमंत्र्यांनी आणि अधिकाऱ्यांनी एका हातावर जडसं मूल आणि दुसऱ्या हातात बोचकं घेऊन पर्थच्या रस्त्यांवर फिरून बघावं, अशा आशयाचं त्या बोलल्या.

आता विचार करा, त्या सभागृहात आधी बसलेल्या कुठल्या माणसाला हे सुचलं असतं? दुष्टपणा नव्हे, बाबागाडी कधी ढकललीच नव्हती. राज्याच्या राजकारणाची खरी उंची मला अशा ठिकाणी कळते. घोषणा मोठ्या नसतात, पण तिकिटाचा दर कमी झाला तर सोमवारी सकाळी कुणाचातरी दंड कमी दुखतो.

त्यांचे कायदे दोन, आणि दोन्ही अशासकीय विधेयकं. म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने स्वतःच्या जोरावर आणलेली. महाराष्ट्राचं विधिमंडळ ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना माहीत आहे, अशासकीय विधेयक म्हणजे बहुधा मांडायचं, बोलायचं आणि मागे घ्यायचं. बाईंनी तीन वर्षांत दोन मंजूर करून घेतली.

पहिलं १९२२ चं, वारशाबद्दलचं. एखादं मूल मृत्युपत्र न करता वारलं, तर त्याच्या मालमत्तेत आईला बापाच्या बरोबरीचा हक्क या दुरुस्तीने मिळाला. वाचताना हे तांत्रिक वाटतं. पण साल बघा. महायुद्ध संपून चारच वर्षं झालेली. तरुण, अविवाहित मुलगा आईबापांच्या आधी जाणं ही त्या पिढीत कल्पनेतली गोष्ट नव्हती. मुलाच्या मागे राहिलेल्या चार पैशांवर आईचा हक्क बापापेक्षा कमी का, हा प्रश्न बऱ्याच स्वयंपाकघरांत विचारला गेला असणार, असं मला वाटतं.

दुसरं १९२३ चं, विमेन्स लीगल स्टेटस ॲक्ट. केवळ स्त्री आहे म्हणून कुणालाही वकिली, न्यायासन किंवा इतर सार्वजनिक काम नाकारता येणार नाही, असा त्याचा गाभा. याच्यामागे एक दुसरी एडिथ आहे, तिला लेखात जरूर जागा द्या. एडिथ हेन्स. वकिलाची मुलगी, वकिलाच्या हाताखाली रीतसर उमेदवारी केलेली, पण परीक्षेला बसू देईनात. ती न्यायालयात गेली. १९०४ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की वकिलीच्या कायद्यात ‘व्यक्ती’ असा शब्द आहे खरा, पण त्यात बाई येत नाही. इतर राज्यांनी एकेक करून दार उघडलं: व्हिक्टोरियाने १९०३ ला, न्यू साऊथ वेल्सने १९१८ ला. पश्चिम ऑस्ट्रेलिया सगळ्यांत शेवटी. १९०४ चा तो ‘व्यक्ती’ शब्द दुरुस्त व्हायला सभागृहात एक बाई यावी लागली. योगायोग असा, की त्याच १९२३ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातही स्त्रियांना वकिली खुली करणारा कायदा झाला, ज्याची वाट नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी कित्येक वर्षं बघत होत्या. तुमचा वाचक इथे नक्की थांबेल.

इतकं करून हरल्या कशा? याला एकच कारण देणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. जुन्या आमदारांच्या चरित्रांत ‘लोकांनी नाकारलं’ आणि ‘काळाच्या पुढे होत्या’ ही दोन वाक्यं मी इतक्यांदा वाचलीत की दोन्ही खोडायला पेन हातातच असतं. १९२४ ला पश्चिम ऑस्ट्रेलियात सत्ताच पालटली. बाईंच्याच पक्षाच्या मिचेल यांचं सरकार गेलं, मजूर पक्षाचे फिलिप कॉलियर आले. हा एक भाग. दुसरा भाग बाईंचा स्वभाव. पक्षाच्या तिकिटावर आल्या, पण मत देताना पक्षाकडे बघायच्या नाहीत. प्रत्येक विधेयक आपल्या डोक्याने तोलायच्या. आपले लोक वैतागले, आणि समोरचे काही मतं द्यायला आले नाहीत. तिसरं, ज्या मतदारसंघात ४६ मतांनी जिंकता येतं, तिथे तेवढ्यानेच हरताही येतं. यात शोकांतिका शोधू नका. १९२७ ला त्या पुन्हा उभ्या राहिल्या, पुन्हा हरल्या. दरम्यान १९२५ ला अमेरिकेत आंतरराष्ट्रीय महिला परिषदेला जाऊन आल्या होत्या, १९२६ ला राज्याची इतिहास संस्था स्थापन करण्यात भाग घेतला होता. हातावर हात धरून बसलेल्या नव्हत्या. ९ जून १९३२ ला त्या गेल्या, कराकाटाच्या दफनभूमीत आहेत.

आणि त्यांच्यामागोमाग सभागृहात दुसरी स्त्री आली, हेही लिहा. १९२५ च्या पोटनिवडणुकीत मे होल्मन, मजूर पक्षाच्या. याच राज्यातून १९९० मध्ये कारमेन लॉरेन्स मुख्यमंत्री झाल्या, ऑस्ट्रेलियातल्या पहिल्या स्त्री मुख्यमंत्री. इथे मुख्यमंत्र्याला ‘प्रीमियर’ म्हणतात.

आता एक अवघड भाग, जो दिवाळी अंकात बहुधा गाळला जातो. कृपा करून गाळू नका. १८९९ ला ‘स्त्रियांना’ मत मिळालं असं मी वर लिहिलं. कुठल्या स्त्रियांना? त्याच कायद्याने ऑस्ट्रेलियाचे आदिवासी आणि आशिया-आफ्रिकेतले मूळ रहिवासी यांना, ठरावीक किमतीची जमीन नसेल तर, यादीबाहेर ठेवलं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींना राज्याचं मत मिळायला १९६२ उजाडलं. काउअनबाई ज्या घरातून आल्या, त्याचाही या इतिहासाशी संबंध आहे. त्यांचे काका मेटलंड ब्राऊन १८६५ च्या ला ग्रेंज मोहिमेचे म्होरके. तीन गोऱ्या शोधकांच्या मृत्यूचा बदला म्हणून त्या मोहिमेत आदिवासी मारले गेले. फ्रीमँटलला त्याचं स्मारक आहे, १९१३ चं. आदिवासींची बाजू सांगणारी पाटी त्यावर १९९४ मध्ये लागली. काकाचं पाप पुतणीच्या माथी मारावं असं मी म्हणत नाही. पण बाईंच्या ‘सगळ्या स्त्रिया’ या शब्दांची हद्द कुठपर्यंत होती, हे लेखकाला माहीत असावं.

यात आपलाही एक धागा आहे. काउअनबाई सभागृहात होत्या त्याच काळात, १९२२ मध्ये, श्रीनिवास शास्त्री ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर आले होते. गोखल्यांच्या मागे पुण्याच्या भारत सेवक समाजाची धुरा सांभाळणारे तेच शास्त्री. इथे राहणाऱ्या हिंदी लोकांना मत द्या, ही त्यांची एक मुख्य मागणी. केंद्राच्या निवडणुकीत तो हक्क १९२५ ला मिळाला. पश्चिम ऑस्ट्रेलियाने राज्याच्या यादीत मात्र आणखी काही वर्षं थांबवलं. म्हणजे १९२१ साली आपण वेस्ट पर्थमध्ये राहत असतो, तर त्या ४६ मतांत आपलं एकही नसतं.

इथवरचं एकत्र बांधायचं तर मी लेखाची अशी विभागणी करेन: बालपण आणि वडील अर्धं पान, १८९४ ते १९२० दोन पानं, निवडणूक एक पान, बाबागाडी आणि दोन कायदे मिळून दोन पानं, पराभव अर्धं पान, मतदारयादीबाहेरची माणसं एक पान. तुमच्याकडे पानं कमी असतील तर संस्थांची यादी कापा, कायदे कापू नका.

नोटेचं म्हणाल, तर त्या १९९५ पासून पन्नास डॉलरवर आहेत. दुसऱ्या बाजूला डेव्हिड उनायपन, आदिवासी लेखक आणि संशोधक. २०१८ ला नोट नव्याने छापली. तिच्यावर बाईंच्या चित्रामागे हिरवळीसारखी दिसणारी जी जागा आहे, ती प्रत्यक्षात सूक्ष्म अक्षरांची आहे. तिथे २८ जुलैच्या भाषणातलं एक वाक्य पुन्हा पुन्हा छापलंय: इथे मी एकटीच स्त्री असणं ही मोठी जबाबदारी आहे, आणि इतर स्त्रिया इथे असण्याची किती गरज आहे हे मला ठासून सांगायचंय. त्यातल्या ‘जबाबदारी’साठीच्या ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ या इंग्रजी शब्दातला एक ‘आय’ गळला. तीन ठिकाणी. चार कोटी साठ लाख नोटा छापून झाल्यावर, २०१९ च्या मे महिन्यात ते लोकांच्या लक्षात आलं. नोटा चालूच राहिल्या. मुलीला सांगा, खर्च करण्याआधी एकदा भिंग लावून बघ. माझ्या टेबलाच्या खणात त्यासाठी एक भिंग कायम असतं, शाळेची पोरं आली की रांग लागते.

मुलगी पर्थमध्येच आहे तर तिला किंग्ज पार्कच्या तोंडाशीही पाठवा. चौकाच्या मधोमध दगडी घड्याळाचा मनोरा आहे, १९३४ चा. ऑस्ट्रेलियन स्त्रीचं पहिलं नागरी स्मारक असं त्याला मानतात. उभारतानाही विरोध झालाच होता. भोवती गाड्या सतत फिरतात, त्यामुळे फोटो काढायला रविवारी सकाळी लवकर जायला सांगा.

मूळ कागदांसाठी इथे यायची गरज नाही. विधिमंडळाचं हॅन्सार्ड त्यांच्या संकेतस्थळावर आहे. जुनी वर्तमानपत्रं राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ या संग्रहात फुकट वाचता येतात, शब्द टाकून शोधताही येतात. फक्त ‘एडिथ काउअन’ असं टाकाल तर त्यांच्या हयातीतल्या अंकांत फारसं सापडणार नाही, आणि तुम्हाला वाटेल की त्यांच्याबद्दल कुणी काही छापलंच नाही. ‘मिसेस काउअन’ टाका. १९२१ च्या आधीचं हवं असेल तर ‘मिसेस जेम्स काउअन’.